सेव्ह केलेला पासवर्ड भरला जात नाही: दोष शोधायचा कसा

‘पासवर्ड सेव्ह आहे, पण लॉगिनच्या पानावर भरला जात नाही.’ तक्रार नेहमी याच एका वाक्यात येते आणि सल्लाही ठरलेला मिळतो: एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला पासवर्ड मॅनेजरचा छोटा प्रोग्रॅम) काढा, पुन्हा टाका. त्याने कधीकधी काम होते, पण बहुतेक वेळा ते टॅब रिफ्रेश झाल्यामुळे झालेले असते. दोन दिवसांनी तीच साइट पुन्हा अडते. या एका तक्रारीत चार निराळे दोष असू शकतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारा आणि भरणारा प्रोग्रॅम, त्या पानापर्यंत पोचलेलाच नसतो. किंवा पोचतो, पण त्या पत्त्याची नोंद त्याला सापडत नाही. किंवा नोंद सापडते, पण पानावरचे रकाने सापडत नाहीत. किंवा रकाने भरलेले दिसतात आणि तरीही साइट पासवर्ड नाकारते.

यातला कोणता, हे ओळखायला मिनिटभर पुरते. लॉगिनचे पान उघडे ठेवून ब्राउझरच्या पट्टीतल्या मॅनेजरच्या आयकॉनवर क्लिक करा. मास्टर पासवर्ड (मॅनेजर उघडण्याचा मुख्य पासवर्ड) मागितला किंवा काहीच उघडले नाही, तर दोष पहिल्या प्रकारचा. व्हॉल्ट, म्हणजे मॅनेजरची पासवर्डांची तिजोरी, उघडला, पण ‘या साइटसाठी काही नाही’ असे म्हणाला, तर दुसरा. नोंद दिसते, तिच्यावर क्लिक केले तरी रकाने कोरेच राहतात किंवा भलताच रकाना भरतो, तर तिसरा. सगळे जागच्या जागी भरले आणि लॉगिन तरी होत नाही, तर चौथा.

त्याआधी एक गैरसमज दूर केलेला बरा. पान उघडताक्षणी रकाने भरले जाणे ही प्रत्येक मॅनेजरची मूळ वागणूक नाही. बिटवॉर्डन या मॅनेजरमध्ये ती सोय मुळात बंदच असते. रकान्यात क्लिक करून यादीतून नोंद निवडायची किंवा कंट्रोल + शिफ्ट + एल दाबायचे, अशी तिथली पद्धत आहे. सेटिंग्जमधल्या ‘ऑटोफिल’ विभागात ती सोय चालू करता येते, पण ती बंद असण्यामागे कारण आहे: पानात कुणी घातलेला लबाड कोड आपोआप भरलेला पासवर्ड उचलू शकतो. बंदच ठेवावी, असे आमचे मत. फायरफॉक्सचा स्वतःचा मॅनेजर आपोआप भरतो, पण एकाच साइटची दोन खाती सेव्ह असली की कोणते भरायचे हे न ठरवता यादी दाखवून थांबतो. ‘कालपर्यंत भरत होता, आज बंद पडला’ असे फायरफॉक्सबद्दल वाटले, तर त्याच साइटची दुसरी नोंद नुकतीच सेव्ह झाली आहे का, ते आधी बघा.

मॅनेजर पानापर्यंत पोचतच नाही

सर्वांत साधे कारण म्हणजे व्हॉल्ट लॉक झालेला असतो. लॉक होण्याची वेळ सेटिंग्जमध्ये ठरवता येते. तिथेच दोन पर्याय असतात, ‘लॉक’ आणि ‘लॉग आउट’. दुसरा निवडलेला असला की दर वेळी ईमेल, मास्टर पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड असे सगळे पहिल्यापासून करावे लागते. तसे होत असेल तर ‘लॉक’वर आणा. बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने एक्स्टेंशन उघडायचे असेल, तर बिटवॉर्डनमध्ये डेस्कटॉप अ‍ॅप चालू असावे लागते आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये ब्राउझरशी जोडणीची परवानगी दिलेली असावी लागते. अ‍ॅप बंद असले की ठशाचा पर्याय चालत नाही आणि लोक दोष ठशाच्या यंत्राला देतात.

दुसरे कारण टॅब जुना असणे. एक्स्टेंशन पार्श्वभूमीत अपडेट झाले की आधीपासून उघड्या असलेल्या टॅबमधला त्याचा कोड अनाथ होतो; मूळ एक्स्टेंशनशी त्याचा संबंध तुटलेला असतो. एक्स्टेंशन नव्याने टाकल्यावरही आधीच्या टॅबमध्ये ते बहुधा पोचलेले नसते. टॅब रिफ्रेश करा. आठवडेच्या आठवडे टॅब उघडे ठेवण्याची सवय असणाऱ्यांना हा अनुभव वारंवार येतो.

तिसरे, परवानगी. क्रोम आणि एजमध्ये प्रत्येक एक्स्टेंशनला पाने वाचण्याची मुभा तीन तऱ्हांनी देता येते: क्लिक केल्यावर, ठरावीक साइटवर किंवा सगळ्या साइटवर. पहिली तऱ्हा निवडलेली असली तर आयकॉनवर क्लिक करेपर्यंत मॅनेजर आंधळाच असतो. खाजगी विंडोसाठी वेगळी परवानगी लागते. क्रोममध्ये ‘अलाउ इन इन्कॉग्निटो’, फायरफॉक्समध्ये ‘रन इन प्रायव्हेट विंडोज’. ब्राउझरची स्वतःची सेटिंग्जची पाने आणि एक्स्टेंशनचे दुकान यांवर मात्र कुठल्याच एक्स्टेंशनला शिरता येत नाही. तिथे प्रयत्न सोडा.

कीपासएक्ससी हा मॅनेजर वापरणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे व्हॉल्ट ब्राउझरबाहेरच्या प्रोग्रॅममध्ये असतो. प्रोग्रॅम चालू हवा, डेटाबेस उघडलेला हवा आणि सेटिंग्जमधल्या ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ भागात आपल्या ब्राउझरसमोर खूण हवी. एवढे असूनही जोडणी होत नसेल आणि मशीन लिनक्सचे असेल, तर ब्राउझर कुठून बसवला ते बघा. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप स्वरूपातला ब्राउझर बंदिस्त कप्प्यात चालतो आणि बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलण्याची वाट तिथे बंद असू शकते. डिस्ट्रिब्युशनचे किंवा ब्राउझर बनवणाऱ्याचे साधे पॅकेज बसवणे हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग.

नोंद आहे, पण साइट ओळखत नाही

इथे घाई करू नका. मॅनेजर काही सुचवत नाही म्हणून व्हॉल्टमध्ये शोधून पासवर्ड कॉपी करायचा आणि पानावर पेस्ट करायचा, ही सवय धोक्याची आहे. मॅनेजर पान दिसते कसे हे बघत नाही, फक्त पत्ता जुळवतो. खोट्या साइटवर तो गप्प बसतो तो याचमुळे, आणि फसवणुकीविरुद्धचे हे त्याचे सर्वांत मोठे काम आहे. तेव्हा आधी पत्त्याच्या पट्टीतले नाव अक्षर अक्षर वाचा. नाव उजवीकडून वाचायचे असते: ‘अमुक.कॉम.तमुक.नेट’ ही अमुकची साइट नसून तमुकची आहे.

पत्ता खरा आहे याची खात्री झाली की मग जुळणीचे नियम. बिटवॉर्डनमध्ये प्रत्येक नोंदीतल्या पत्त्याला जुळणीचा प्रकार लावता येतो. मुळात तो ‘बेस डोमेन’ असतो, म्हणजे ‘लॉगिन.अमुक.कॉम’ आणि ‘खाते.अमुक.कॉम’ दोन्हीकडे तीच नोंद सुचवली जाते. ‘होस्ट’ निवडले की नावाचा पुढचा भाग (‘लॉगिन.’, ‘खाते.’) आणि पोर्ट क्रमांकसुद्धा (पत्त्यात ‘:’ नंतर येणारा आकडा) तंतोतंत जुळावा लागतो. ‘स्टार्ट्स विथ’ला पत्त्याची सुरुवात जुळावी लागते, ‘एक्झॅक्ट’ला संपूर्ण पत्ता. त्यानंतर रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुन्यावरून जुळणी), आणि शेवटी ‘नेव्हर’, म्हणजे ही नोंद कधीच सुचवू नको. वनपासवर्ड या मॅनेजरमध्येही असे तीन पर्याय आहेत: साइटवर कुठेही भर, नेमक्या याच होस्टवर भर, कधीच भरू नको.

वारंवार अडणाऱ्या साइटच्या बाबतीत नेहमी सापडणारा गुन्हेगार म्हणजे ‘एक्झॅक्ट’ किंवा ‘स्टार्ट्स विथ’ आणि त्याच्या जोडीला लांबलचक सेव्ह झालेला पत्ता. नोंद पहिल्यांदा सेव्ह झाली तेव्हा पत्त्यात त्या वेळच्या सत्राचा क्रमांक, परतीचा पत्ता, भाषा असे बरेच काही असते. पुढच्या वेळी ते बदलते आणि जुळणी फसते. नोंद उघडा, पत्त्यातला प्रश्नचिन्हापासूनचा सगळा भाग काढून टाका, शक्यतो फक्त मुख्य नाव ठेवा आणि जुळणी ‘बेस डोमेन’वर आणा.

काही सेवांचे लॉगिन अगदी वेगळ्या नावाच्या डोमेनवर असते. त्यासाठी दुसरी नोंद बनवू नका. त्याच नोंदीत दुसरा पत्ता जोडा. दोन नोंदी झाल्या की पासवर्ड बदलताना एकच बदलली जाते आणि पुढचे सहा महिने कोणती खरी हा घोळ चालतो. एकाच सेवेची बरीच डोमेन असली तर बिटवॉर्डनच्या वेब व्हॉल्टमध्ये ‘डोमेन रूल्स’ आहेत. तिथे ती एकमेकांच्या बरोबरीची ठरवता येतात. कीपासएक्ससीमध्ये नोंदीच्या ‘ब्राउझर इंटिग्रेशन’ भागात जादा पत्ते लिहिता येतात.

उलटी तक्रारही असते: नको तितक्या नोंदी सुचवल्या जातात. घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर एकाच आयपी पत्त्यावर, समजा १९२.१६८.१.१० वर, वेगवेगळ्या पोर्टवर चार सेवा चालत असतील, तर ‘बेस डोमेन’ जुळणी पोर्टकडे लक्ष देत नाही आणि चारही नोंदी सगळीकडे दिसतात. या नोंदींना ‘होस्ट’ लावा आणि पत्त्यात पोर्ट लिहा. एकाच संस्थेच्या अनेक उपडोमेनवर वेगवेगळी खाती असणाऱ्यांसाठीही हेच.

ब्राउझरचा स्वतःचा मॅनेजर असेल तर ‘नेव्हर’ची यादी तपासा. लॉगिन करताना येणाऱ्या ‘पासवर्ड सेव्ह करायचा का’ या पट्टीवर चुकून ‘नेव्हर’ दाबले गेले, तर त्या साइटबद्दल तो पुन्हा विचारत नाही. क्रोममध्ये ही यादी गूगल पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमध्ये खाली असते. फायरफॉक्समध्ये पासवर्डच्या विभागात ‘एक्सेप्शन्स’ नावाने. साइट तिथून काढा.

नोंद सापडते, रकाने सापडत नाहीत

लॉगिनचे रकाने कोणते, याचा मॅनेजर अंदाज बांधतो. रकान्याचा प्रकार, त्याचे नाव, शेजारचा मजकूर आणि साइटने लावलेली ‘ऑटोकम्प्लीट’ची सूचना यांवरून. साइट बनवणाऱ्याने ‘करंट-पासवर्ड’ लिहिले असेल तर अंदाज बिनचूक येतो. ‘न्यू-पासवर्ड’ लिहिले असेल तर मॅनेजर नवा पासवर्ड बनवून देऊ पाहतो, जुना भरत नाही. ‘ऑफ’ लिहून पासवर्ड भरणे अडवता येते, असे अनेक साइटवाल्यांना अजून वाटते. प्रत्यक्षात आजचे ब्राउझर लॉगिनच्या रकान्यांसाठी ती सूचना मानत नाहीत.

दोन टप्प्यांचे लॉगिन, म्हणजे आधी फक्त ईमेल आणि ‘पुढे’ दाबल्यावर पासवर्ड, हे सर्वांत जास्त अडते. दुसरा रकाना पान उघडताना अस्तित्वातच नसतो. दुसरा टप्पा आला की पुन्हा एकदा भरण्याचा शॉर्टकट दाबायचा, एवढाच उपाय. पहिल्या टप्प्यावर भरलेला पासवर्ड पुढे आपोआप पोचेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

तीन रकान्यांची लॉगिन (ग्राहक क्रमांक, वापरकर्ता, पासवर्ड) असतील तर बिटवॉर्डनच्या नोंदीत ‘कस्टम फील्ड’ जोडा. तिसऱ्या रकान्यावर राइट क्लिक करून बिटवॉर्डनच्या मेनूतून ‘कॉपी कस्टम फील्ड नेम’ घ्या, नोंदीत कस्टम फील्डचे नाव म्हणून ते पेस्ट करा आणि त्यात मूल्य लिहा. नाव त्या रकान्याच्या एचटीएमएल आयडी किंवा नेमशी जुळले की तो भरला जातो. साइटने पानाची रचना बदलली की हे नाव बदलते आणि भरणे थांबते. तेव्हा नाव पुन्हा कॉपी करायचे.

लॉगिनचा चौकोन कधीकधी आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात असतो. ते दुसरे पान वेगळ्या डोमेनचे असेल तर मॅनेजर मुद्दाम थांबतो किंवा इशारा देतो, आणि ते योग्यच आहे. त्या आयफ्रेमचा पत्ता तुमच्या ओळखीचा, त्याच सेवेचा असेल तरच तो नोंदीत जोडा. पत्ता बघण्यासाठी फायरफॉक्समध्ये चौकोनावर राइट क्लिक करून ‘धिस फ्रेम’ मेनूतून फ्रेम वेगळ्या टॅबमध्ये उघडता येते.

साधे एचटीटीपी (सुरक्षित एचटीटीपीएस नसलेले) पान असेल तर ब्राउझर आपणहून भरत नाहीत. नोंद हाताने निवडावी लागते. राउटरच्या पानांवर हे दिसते. तिथे चालवून घ्या, इंटरनेटवरच्या साइटवर नको.

आणि दोन मॅनेजर एकाच वेळी चालू असणे. ब्राउझरचा स्वतःचा आणि एक्स्टेंशनचा, दोघे एकाच रकान्यावर यादी उघडतात, एक दुसऱ्याने भरलेले पुसतो, आणि पासवर्ड बदलला की एकाकडे नवा, दुसऱ्याकडे जुना राहतो. एक निवडा. एक्स्टेंशन निवडले तर ब्राउझरमधले ‘ऑफर टू सेव्ह पासवर्ड्स’ बंद करा. पण आधी तिथले पासवर्ड नव्या मॅनेजरमध्ये आणा आणि निर्यात केलेली फाइल लगेच कायमची डिलीट करा, कारण तिच्यात सगळे पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात.

भरले, पण साइट नाकारते

रकाने भरलेले दिसतात आणि साइट म्हणते ‘पासवर्ड लिहा’, किंवा लॉगिनचे बटण फिकेच राहते. आजची अनेक पाने रकान्यातला मजकूर थेट वाचत नाहीत. टायपिंग झाल्याची सूचना मिळाली तरच तो आपल्याकडे टिपून घेतात. ती सूचना पोचली नाही की रकाना आपल्या डोळ्यांना भरलेला आणि पानाच्या हिशेबी कोरा. पासवर्डच्या शेवटी एक स्पेस टाका आणि पुसा, वापरकर्तानावाच्या रकान्यातही तसेच. क्रोमच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे: पान उघडताना त्याने आपणहून भरलेला पासवर्ड तुम्ही पानावर कुठेतरी क्लिक करेपर्यंत पानाच्या स्क्रिप्टला वाचू दिला जात नाही. पानाच्या रिकाम्या भागावर एक क्लिक, आणि बटण जिवंत होते.

‘चुकीचा पासवर्ड’ असा संदेश येत असेल तर एक चाचणी करा. त्याच नोंदीतला पासवर्ड कॉपी करून हाताने पेस्ट करा. पेस्ट केल्यावर लॉगिन होते आणि ऑटोफिलने होत नाही, असे घडले तर जवळजवळ नक्कीच लांबीचा घोळ आहे. खाते उघडताना तुम्ही २४ अक्षरांचा पासवर्ड पेस्ट केला, रकान्याची मर्यादा १६ होती, ब्राउझरने काही न बोलता पहिली १६ अक्षरे घेतली आणि साइटने तीच जतन केली. मॅनेजरकडे मात्र २४ आहेत. स्क्रिप्टने भरलेल्या मजकुराला रकान्याची ही मर्यादा लागू होत नाही, त्यामुळे मॅनेजरने ती स्वतःहून पाळली नाही तर ऑटोफिलने पूर्ण २४ जातात आणि नाकारले जातात. पेस्ट करताना पुन्हा १६ वर कापले जातात आणि जुळतात. रकान्यावर राइट क्लिक, ‘इन्स्पेक्ट’, आणि ‘मॅक्सलेंग्थ’चा आकडा बघा. उपाय म्हणजे त्या मर्यादेत बसणारा नवा पासवर्ड ठेवणे.

दोन्ही पद्धतींनी नाकारले जात असेल तर नोंदीतले वापरकर्तानाव तपासा. सेव्ह करताना मॅनेजरने पासवर्डच्या आधीचा रकाना उचललेला असतो, आणि तो कॅप्चाचा किंवा ओटीपीचाही असू शकतो. नावाच्या जागी सहा आकडे किंवा वेडीवाकडी पाच अक्षरे दिसली की कारण सापडले.

पासवर्ड नुकताच बदलला असेल तर नोंदीत अजून जुना असण्याची शक्यता मोठी. बिटवॉर्डन प्रत्येक नोंदीचे मागचे पाच पासवर्ड इतिहासात ठेवतो, आणि बनवलेल्या पासवर्डांचा वेगळा इतिहास जनरेटरमध्ये असतो. साइटवर बदलला पण नोंदीत गेला नाही, असा नवा पासवर्ड बहुतेक तिथेच सापडतो. हा जनरेटरचा इतिहास त्याच मशीनवर असतो आणि लॉग आउट केल्यावर जातो. म्हणूनच ‘एक्स्टेंशन काढून पुन्हा टाका’ हा सल्ला ऐकण्याआधी तो बघून घ्या.

ओटीपीचा कोड मॅनेजरमध्येच ठेवला असेल तर आणखी एक गंमत. बिटवॉर्डन पासवर्ड भरल्यावर सहा आकड्यांचा कोड क्लिपबोर्डवर ठेवतो, म्हणजे पुढच्या पानावर नुसते पेस्ट करता यावे. ज्याने पासवर्ड कॉपी करून ठेवला होता, तो पासवर्डच्या जागी हा कोड पेस्ट करतो आणि गोंधळतो. कोडच नाकारला जात असेल तर संगणकाचे घड्याळ बघा: कोड बहुतेक ठिकाणी दर ३० सेकंदांनी बदलतो आणि घड्याळ मिनिटभर पुढेमागे असले तरी जुळत नाही. वेळ आपोआप जुळवण्याची सोय चालू करा.

ब्राउझरबाहेरच्या विंडो

डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये एक्स्टेंशन काही करू शकत नाही. तिथे कीपास (कीपासएक्ससीसारखाच आणखी एक मॅनेजर) आणि कीपासएक्ससीचे ‘ऑटो-टाइप’ लागते. ते कळा दाबल्याचा आभास करून आधी वापरकर्तानाव, मग टॅब, मग पासवर्ड, मग एंटर असा क्रम टाइप करते. कीपासमध्ये त्याची कळ कंट्रोल + ऑल्ट + ए. नोंद कोणती हे विंडोच्या शीर्षकावरून ठरते, म्हणून शीर्षक बदलणाऱ्या प्रोग्रॅमसाठी नोंदीत ते हाताने नेमावे लागते.

भलतीच अक्षरे उमटत असतील तर आधी कीबोर्डची भाषा बघा. देवनागरीचा लेआउट चालू असताना ऑटो-टाइप केले की पासवर्डाचा पार चुथडा होऊ शकतो. इंग्रजीवर या आणि मग करा. विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलेल्या प्रोग्रॅमला साधा प्रोग्रॅम टाइप करून देऊ शकत नाही, विंडोजच ते अडवते. स्क्रीन काळवंडून येणाऱ्या परवानगीच्या खिडकीत तर कुणालाच प्रवेश नाही, तिथे हातानेच लिहा. मॅकवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी द्यावी लागते. पहिली काही अक्षरे गळत असतील तर प्रोग्रॅम संथ आहे. क्रमाच्या सुरुवातीला १००० मिलिसेकंदांचा विलंब घाला.

पासवर्डच गायब

ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळेच पासवर्ड एकदम नाहीसे झाले, तर ते भरण्याचा दोष शोधत बसू नका. फायरफॉक्स नव्याने बसवला असेल तर बहुधा नवे प्रोफाइल उघडले आहे. प्रोफाइलच्या पानावर जुने अजून असते, ते सुरू करून बघा. ‘संगणक साफ’ करणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात पासवर्डसमोरची खूण काढा. क्रोमची ब्राउझिंग डेटा पुसण्याची खिडकी वापरत असाल तर तिथेही पासवर्डसमोर खूण नाही ना, ते बघा.

विंडोजवर क्रोमचे पासवर्ड विंडोजच्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात. खात्याचा पासवर्ड तुम्ही स्वतः नेहमीच्या मार्गाने बदलला तर काही बिघडत नाही. दुसऱ्या कुणी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून तो जबरीने रीसेट केला तर ती किल्ली हातची जाऊ शकते. याच कारणाने क्रोमचा प्रोफाइल फोल्डर दुसऱ्या मशीनवर कॉपी करून पासवर्ड तिकडे नेता येत नाहीत. सिंक किंवा निर्यात हाच मार्ग. लिनक्सवर किल्ली डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये (किल्ल्या ठेवण्याच्या जागेत) असते. नोम या डेस्कटॉपवरून केडीईवर गेलात की क्रोम दुसऱ्या कीरिंगमध्ये शोधतो आणि यादी रिकामी दाखवतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये लॉगिन करा, तिथून पासवर्ड निर्यात करा आणि नव्यात आणा. मात्र नव्या डेस्कटॉपवर तेच पासवर्ड एकेक करून पुन्हा सेव्ह करण्याआधी हे करा.